जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट बल्ब: आधी वीज मोजा, मग दुकानात जा

बल्ब उडाला की बहुतेक जण तो काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवतात आणि "हाच द्या" म्हणतात. तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीत डूममधला, म्हणजे हेडलाइटच्या गोल घरातला, बल्ब कंपनीने दिलेलाच असेल याची काय खात्री? मधल्या कुठल्यातरी मालकाने किंवा मेकॅनिकने मिळाला तो ठोकून बसवलेला असतो. त्याचीच नक्कल आणली की नवा बल्बही महिन्याभरात जातो. मग "माल खराब येतो" असं म्हणत महागडा बल्ब घेतला जातो, तोही जातो.

टिकाऊ बल्ब हवा असेल तर निम्म्याहून जास्त काम दुकानात जाण्याआधीचं आहे. खालचा क्रम बदलू नका. राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स १०० किंवा त्या काळातली दुसरी कुठलीही गाडी असो, क्रम हाच.

## १. तयारी

डिजिटल मल्टिमीटर (एसी आणि डीसी दोन्ही मोजणारा), शून्य नंबरचा पॉलिश पेपर, पितळी ब्रश, काँटॅक्ट क्लीनर, स्वच्छ सुती कापड, थोडी पेट्रोलियम जेली आणि गाडीच्या मूळ वॅटचा एक स्वस्त बल्ब एवढं जवळ ठेवा. हा स्वस्त बल्ब मोजमापासाठी आहे. उडालेल्या बल्बवर घेतलेलं व्होल्टेज फसवं असतं. भार नसला की कुजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि खरा बल्ब लावल्यावर तिथेच दोन व्होल्ट पडतात.

गाडीचं मूळ मॅन्युअल किंवा पार्ट कॅटलॉग मिळाला तर उत्तम. त्यातला हेडलाइटचा आकडा (उदाहरणार्थ ६ व्होल्ट २५/२५ वॅट किंवा १२ व्होल्ट ३५/३५ वॅट) कागदावर लिहून घ्या.

## २. उडालेला बल्ब फेकू नका, वाचा

बल्ब उजेडासमोर धरा आणि फिलामेंट, म्हणजे आतली तार, कशी तुटली ते बघा.

तुटलेल्या टोकांवर बारीक गोळे झाले असतील, काच काळी किंवा चंदेरी पडली असेल, तर व्होल्टेज जास्त येतंय. बल्ब नवा असूनही असं दिसलं तर हे जवळजवळ नक्की समजा.

तार लख्ख आहे, काच स्वच्छ आहे, पण तार एका बाजूला तुटून लोंबतेय, तर कारण हादरा आहे. होल्डर सैल, डूमची रिंग सैल किंवा डूमच्या बोल्टचे रबर बुश गायब.

आत पांढरी-पिवळी भुकटी दिसली तर काचेतून किंवा सीलमधून हवा शिरली. पाणी उडून काच तडकली असेल, नाहीतर बल्बच निकृष्ट असेल.

हॅलोजनची काच एका जागी फुगली असेल तर बसवताना तिथे बोट लागलं होतं.

कॅपवरचं, म्हणजे बल्बच्या धातूच्या बुडावरचं, शिसं वितळून पसरलं असेल तर होल्डरचा संपर्क खराब आहे किंवा वॅट जास्त आहे. नवा बल्ब तसाच बसवला तर तोही तापणार.

## ३. हेडलाइटला वीज कुठून मिळते?

हे ओळखल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. उडालेल्या बल्बच्या जागी चाचणीचा स्वस्त बल्ब लावा, मग इंजिन बंद ठेवून चावी लावा आणि हेडलाइटचा खटका दाबा.

दिवा लागला: हेडलाइट बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आहे. डायनॅमोच्या येझदी-जावा आणि बऱ्याच बुलेट अशा आहेत.

लागला नाही, इंजिन सुरू झाल्यावर लागला आणि रेस दिली की प्रखर झाला: हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्रावर), म्हणजे एसीवर आहे. मूळ वायरिंगची आरएक्स १०० अशीच. तिचं "फुल डीसी" करून घेतलेलं असेल तर ती पहिल्या गटात जाते, म्हणून गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका.

एसी गाडीत पुढचा प्रश्न, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आहे का? टाकीखाली किंवा साइड कव्हरमागे पंखे असलेला ॲल्युमिनियमचा छोटा डबा शोधा. सहा व्होल्टच्या जुन्या मॅग्नेटो गाड्यांत, राजदूत १७५ च्या पिढीत, तो नसतोच. तिथे व्होल्टेज आवरण्याचं काम बल्बांच्या वॅटवरच सोपवलेलं असतं. कॉइल ठरावीक करंट ढकलते आणि सगळे दिवे मिळून तो खातात. मागचा दिवा उडाला की त्याच्या वाट्याचं पुढच्याला मिळतं आणि थोड्याच वेळात तोही जातो. "दोन्ही बल्ब एकदमच गेले" ही तक्रार याच गाड्यांची.

> सावधान: रेग्युलेटर नसलेल्या एसी गाडीत कमी वॅटचा बल्ब लावणं म्हणजे जपून वागणं नव्हे. ३५ च्या जागी २५ लावला तर व्होल्टेज चढतं आणि बल्ब लवकर उडतो. इथे वॅट मूळ आकड्याइतकेच हवेत, मागच्या दिव्याचे सुद्धा.

## ४. अर्थिंग आणि व्होल्टेज

फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवं असतं. व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. उलट १० टक्क्यांनी घटलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे "उजेड कमी, बल्ब मात्र टिकतो" आणि "उजेड झकास, बल्ब टिकत नाही" या दोन वेगळ्या रोगांना एकच औषध देऊ नका.

आधी अर्थिंग, म्हणजे वीज परत जाण्यासाठी गाडीच्या लोखंडाशी केलेली जोडणी. गाडी नव्याने रंगवली किंवा पावडर कोटिंग केलं असेल तर इथे जास्तच वेळ द्या. रेग्युलेटरचा डबा ज्या बोल्टने चेसिसला बसतो तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा, पितळी ब्रश मारा, घट्ट आवळा आणि वरून जेलीचा पातळ थर द्या. ज्या रेग्युलेटरची अर्थ त्याच्या अंगातून जाते, त्याच्याखाली रंगाचा थर राहिला की तो काम करत नाही, बल्बवर बेलगाम व्होल्टेज जातं आणि दोष बल्बवर येतो. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत बल्ब उडण्याचं हे नेहमी दिसणारं कारण आहे. डूममधली अर्थ वायर, चेसिसवरचा अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल हेही याच हिशेबात साफ करा.

आता चाचणीचा बल्ब लावून मोजा.

डीसी गाडी, चार्जिंग: हेडलाइट चालू, इंजिन मध्यम रेसवर, मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर. १२ व्होल्टच्या गाडीत १३.५ ते १४.५ हवेत, १५ च्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर बघा. ६ व्होल्टच्या गाडीत साधारण ६.८ ते ७.४. बॅटरीचं टर्मिनल सैल असेल तर धावत्या गाडीत व्होल्टेज उसळ्या मारतं आणि बल्ब जातो, म्हणून टर्मिनल हाताने हलवून बघा.

डीसी गाडी, वाटेतली गळती: इंजिन बंद, दिवा चालू. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या चालू टोकावर. १२ व्होल्टला ०.३ आणि ६ व्होल्टला ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी संपर्क खराब आहे. चावीचा स्विच, डिपरचा स्विच आणि डूममधले कपलर (वायरी जोडणारे प्लग) या क्रमाने साफ करत या. मग बल्बचं अर्थचं टोक ते बॅटरीचं मायनस, ०.१ च्या आत. सहा व्होल्टच्या गाडीत ही पायरी टाळणाऱ्याला कुठलाच बल्ब समाधान देणार नाही. २५ वॅटला तिथे ४.२ अँपिअर लागतात, ३५ वॅटला ५.८. बारा व्होल्टला ३५ वॅट २.९ मध्ये भागतात. अर्धा व्होल्ट गळाला तर बारात तो चार टक्के, सहात आठ टक्के. (काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत अर्थ प्लसला असते. तिथे पिना उलट धरा.)

एसी गाडी: मीटर एसीवर ठेवून बल्बच्या टोकांवर धरा, दिवा चालू. रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज चढत जाऊन एका जागी थांबलं तर रेग्युलेटर जिवंत आहे. १२ व्होल्टच्या गाडीत १५ ओलांडून चढतच राहिलं तर रेस लगेच सोडा, नाहीतर चाचणीचा बल्बही जाईल. साधे मीटर रेग्युलेटरने कापलेली एसी अचूक मोजत नाहीत, म्हणून दशांशात अडकू नका. आकडा थांबतो की नाही, हे महत्त्वाचं.

> तपासा: बुलेटला अँमीटर (बॅटरीत करंट जातोय की निघतोय ते दाखवणारा काटा) असेल तर तो वापरा. आयडलिंगला हेडलाइट लावला की काटा मायनसकडे जाणारच. मध्यम रेसला तो मध्यावर किंवा प्लसकडे यायला हवा. येत नसेल तर आहे त्याच वॅटचा भार चार्जिंगला झेपत नाहीये, मग जास्त वॅटचा विचार सोडून द्या.

## ५. कॅप ओळखा

दुकानात "बुलेटचा बल्ब" किंवा "यामाहाचा बल्ब" मागितला की हातात काय पडेल ते दुकानदाराच्या साठ्यावर अवलंबून. त्याऐवजी कोड सांगा.

- बीए२०डी: गोल पितळी कॅप, समोरासमोर दोन खुंट्या, खाली दोन शिशाचे ठिपके. दाबून फिरवायचा. ६ व्होल्ट २५/२५ आणि ३५/३५, तसंच १२ व्होल्ट ३५/३५ मध्ये येतो.
- पी४५टी: मोठी गोल पत्र्याची कडा. सात इंची जुन्या डूममध्ये दिसते. मूळ साधा बल्ब ४५/४० वॅटचा. याच कडेचा एच४ हॅलोजनही मिळतो.
- एच४, म्हणजे पी४३टी: तीन कान, मागे तीन चपट्या पिना, ६०/५५ वॅट.
- एचएस१, म्हणजे पीएक्स४३टी: एच४ सारखाच दिसतो, पण ३५/३५ वॅटचा आणि कानांचं माप वेगळं.

शेवटच्या दोघांत सर्वाधिक घोळ होतो. एचएस१ च्या डूममध्ये एच४ बसत नाही म्हणून कान कानशीने घासून बसवतात. मग बल्ब किंचित तिरका बसतो, झोत विस्कटतो, आणि ३५ वॅटच्या कॉइलवर ६० वॅट पडल्याने उजेड लालसर येतो. कागदावर ६०/५५ चा एच४ अप्पर-डिपरला १६५० आणि १००० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, ३५/३५ चा एचएस१ ८२५ आणि ५२५. पण हे आकडे १३.२ व्होल्टचे आहेत. मॅग्नेटो तेवढे देत नसेल तर मोठा बल्ब छोट्यापेक्षाही मंद जळतो. शिवाय हॅलोजन पुरेसा तापला नाही तर काच आतून काळी पडते. जास्त वॅटने गाडीचं काही भलं होत नाही.

## ६. वॅट आणि प्रकार ठरवा

माझं मत सरळ आहे. कॅप आणि वॅट मूळचेच ठेवा. त्याच वॅटचा हॅलोजन मिळत असेल तर घ्या, कारण साध्या बल्बपेक्षा तो तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो आणि काच शेवटपर्यंत स्वच्छ राहते.

६० वॅटचा एच४ फक्त तिथे, जिथे गाडी १२ व्होल्ट डीसी आहे, चार्जिंग ते पेलतं आणि रिफ्लेक्टर त्या मापाचा आहे. तेव्हा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावाच. बॅटरीपासून १० अँपिअरचा फ्यूज, तिथून १.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला. मूळ स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले. जुन्या डिपर स्विचमधून ५ अँपिअर रोज नेले तर तो आतून वितळतो. थेट एसीवरच्या दिव्याला हे साधे रिले चालत नाहीत, खडखडतात.

सहा व्होल्टचा बल्ब मिळेना म्हणून बॅटरीवरच्या सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा लावला तर उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. थोडं फिरा, पण सहाचाच शोधा. त्याचा एक फायदाही आहे. त्याच वॅटला त्याची तार जाड आणि आखूड असते, त्यामुळे हादऱ्यांना ती जास्त टिकते.

काय टाळावं: "१०० टक्के जास्त उजेड" लिहिलेले बल्ब. त्यांची तार जास्त तापवलेली असते, त्यामुळे आयुष्य कमी. निळ्या काचेचे बल्ब. निळा थर उजेड खातो, पावसात रस्ता दिसत नाही आणि तार मात्र जास्त तापते. १००/९० वॅटचे बल्ब. ते रस्त्यावर कायदेशीर नाहीत आणि होल्डरचं प्लास्टिक, रिफ्लेक्टरचा मुलामा दोन्ही जाळतात.

एलईडी? दिसायला मोह होतो. पण जुना रिफ्लेक्टर तारेच्या एका ठरावीक बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडीचे चिप त्या जागी नेमके नसतील तर झोत फुटतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो आणि आपल्या चाकापुढचा रस्ता मात्र अंधारात. एसीवर तो लुकलुकतो. रेग्युलेटर नसलेल्या मॅग्नेटोवर तर लावूच नका, तो भार घेत नाही आणि मागचा दिवा उडवतो. मागचा पंखा किंवा हीटसिंक अनेक जुन्या डूममध्ये मावतही नाही.

## ७. दुकानात काय बघायचं

कॅपवर व्होल्ट, वॅट, प्रकाराचा कोड आणि वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर व आकडा छापलेला हवा. छपाई नखाने निघत असेल तर ठेवा परत. काच कॅपला काटकोनात आहे का, पकडून हळूच हलवली तर डुगडुगते का, दोन्ही तारा सरळ आणि ताठ आहेत का ते बघा. दुकानदाराला बॅटरीवर अप्पर-डिपर दोन्ही लावून दाखवायला सांगा. दोन बल्ब घ्या, दुसरा वाटेसाठी.

## ८. बसवणं

१. इंजिन आणि चावी बंद. दिवा थंड होऊ द्या.

२. डूमची रिंग काढताना काच एका हाताने आधाराने धरा. जुन्या वायरी आखूड असतात, झटका बसला की थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) निघतात.

३. होल्डर बघा. बीए२०डी मधल्या स्प्रिंगच्या पिना दाबून सोडा, ताडकन वर यायला हव्यात. गंज असेल तर पॉलिश पेपर आणि क्लीनर. बेकेलाइट काळं पडून ठिसूळ झालं असेल तर होल्डरच बदला. एच४ च्या कपलरमधल्या पिना पसरल्या असतील तर बारीक पक्कडीने किंचित दाबून घट्ट करा.

४. रबर बूट फाटलेला असेल तर नवा घाला. पावसाळ्यात डूममध्ये शिरलेलं पाणी रिफ्लेक्टरचा मुलामा हळूहळू खातं.

५. बल्ब कॅपला धरून बसवा. हॅलोजनच्या काचेला बोट लागलंच तर स्पिरिटने पुसा आणि सुकू द्या. एच४ आणि एचएस१ चा रुंद कान वरच्या खाचेत. बल्ब आपोआप सपाट बसायला हवा, जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा आहे.

६. क्लिप लावल्यावर बल्ब बोटाने हलवून बघा. जराही हलला तर क्लिप वाकवून ताण वाढवा किंवा बदला. बुलेटसारख्या धक्के देणाऱ्या इंजिनवर इथली ढिलाई बल्बचं आयुष्य ठरवते. डूमच्या बोल्टचे रबर बुशही याच वेळी बघा.

> तपासा: खटका "डिपर"वर असताना खरंच डिपर लागतो का? वायरी उलट लागल्या तर अप्पर-डिपर अदलाबदल होतात. अर्थची वायर चुकीच्या पिनेवर गेली तर दोन्ही तारा मंद, एकत्र जळतात.

एसी गाडीत डिपर स्विच मध्यावर रेंगाळू देऊ नका. त्या क्षणी हेडलाइटचा भार सुटतो आणि मागच्या दिव्यावर व्होल्टेजची उसळी येते. स्विचला मध्ये मृत जागा जाणवत असेल तर तो बदला.

## ९. झोत लावणं

टायरमध्ये योग्य हवा, गाडी मधल्या स्टँडवर नव्हे तर दोन्ही चाकांवर, चालवणारा सीटवर. भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली हवी. नेहमी मागे कुणी बसत असेल तर त्यालाही बसवून बघा, मागचं शॉकॲब्झॉर्बर दबलं की झोत वर जातो.

परदेशातून मागवलेली काच किंवा डूम असेल तर एक गोष्ट बघा. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातल्या काही काचांत डिपरची कड उजव्या बाजूला वर चढते. आपल्याकडे ती थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते, आणि डूम खाली झुकवून ते दुरुस्त होत नाही. काचच बदलावी लागते.

पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर रिंगचा स्क्रू, डूमचे बोल्ट आणि रेग्युलेटरची अर्थ पुन्हा आवळा. वाटेसाठी घेतलेला बल्ब टूलकिटमध्ये पान्यांबरोबर टाकू नका, हादऱ्यांनी त्याची तार न जळताच तुटते. मूळ खोक्यात फोम घालून साइड बॉक्समध्ये ठेवा, सोबत मागच्या दिव्याचाही एक.